रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवरचे जेवण आणि साल्साची रात्र : न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्समधील जॅक्सन हाइट्स हा भाग मराठी मंडळींच्या ओळखीचा असतो तो चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावरच्या भारतीय किराणा दुकानांमुळे. तूरडाळ, पोहे, मेथीची जुडी अशी खरेदी आटोपली की बहुतेक जण आल्या पावली परत फिरतात. त्याच रस्त्याच्या टोकाशी रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यू लागतो. त्याच्या डोक्यावरून १९१७ पासून लोखंडी खांबांवरची रेल्वे धावते आहे, आणि तिच्या सावलीत पूर्वेकडे चालू लागले की पाच-दहा मिनिटांतच दुकानांच्या पाट्या स्पॅनिश होतात. आधी कोलंबियाच्या बेकऱ्या लागतात, मग इक्वेडोर आणि पेरूची भोजनगृहे आणि पुढे कोरोना नावाच्या शेजारच्या वस्तीच्या दिशेने मेक्सिकोच्या हातगाड्या. मी या परिसरात नऊ वर्षे राहते आहे. नातेवाईक, नव्याने आलेले विद्यार्थी, न्यू जर्सीहून येणारे मित्र अशा अनेकांना मी येथे जेवायला आणि त्यानंतर मॅनहॅटनमध्ये साल्सा नाचायला नेले आहे. त्या अनुभवातून पक्का झालेला क्रम येथे सविस्तर देत आहे.

क्रम हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. या रात्रीचा आनंद खिशावर किंवा नाचाच्या पूर्वतयारीवर जितका अवलंबून असतो, त्याहून अधिक तो कोणती गोष्ट कधी करायची यावर अवलंबून असतो, असे माझे ठाम मत आहे. नऊ वाजता भरपेट जेवून अकरा वाजता क्लबमध्ये शिरणारा नवखा माणूस हमखास भिंतीला टेकून उभा राहतो, कारण पोट जड झालेले असते, शिकवणीची वेळ टळून गेलेली असते आणि मुरलेल्या नर्तकांनी जागा भरून टाकलेली असते. त्याऐवजी साडेपाच-सहाला हलके जेवावे, सात-आठच्या सुमारास नवशिक्यांचा वर्ग गाठावा, नऊपासून नाचावे आणि मन भरून जेवायचे असेल तर ते मध्यरात्रीनंतर जेवावे.

दिवस आणि ठिकाण कसे निवडावे

पहिल्या वेळेसाठी शुक्रवार आणि शनिवार टाळलेले बरे. त्या रात्री गर्दी इतकी असते की पाऊल टाकायला जागा मिळत नाही, आणि आलेल्यांपैकी अनेकांना नाचापेक्षा पेयपानात अधिक रस असतो. आठवड्यातली मधली एखादी संध्याकाळ किंवा रविवार निवडावा.

नाचण्याची ठिकाणे ढोबळमानाने तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार म्हणजे नृत्यशाळांनी भरवलेली ‘सोशल’. येथे लाकडी जमीन असते, प्रवेशशुल्क देऊन आत जाता येते, बहुधा सुरुवातीला तासाभराचा वर्ग असतो आणि माणसे केवळ नाचायला आलेली असतात. दुसरा प्रकार म्हणजे वाद्यवृंद बोलावणारे क्लब आणि रेस्टॉरंट. व्हॅरिक स्ट्रीटवरचे ‘एसओबीज’ हे १९८२ पासूनचे ठिकाण या प्रकारातले जुने नाव आहे. तिसरा प्रकार उन्हाळ्यातला, उघड्यावरचा. लिंकन सेंटरच्या आवारात उन्हाळ्यात नाचाची जागा मांडली जाते आणि तेथे साल्साच्याही रात्री असतात, तर ब्राँक्समधल्या ऑर्चर्ड बीचवर रविवारी साल्सा नाचण्याची प्रथा कित्येक वर्षांची आहे. नवशिक्याने पहिल्या प्रकारापासून सुरुवात करावी, असे मी आवर्जून सांगते. क्लबमधला जिवंत वाद्यवृंद अंगावर काटा आणतो हे खरे, परंतु अंधारात, गर्दीत आणि प्रचंड आवाजात पाऊल शिकता येत नाही. कार्यक्रमांच्या वेळा आणि जागा सतत बदलत असल्यामुळे निघण्याच्या दिवशीच आयोजकांचे पान पाहून खात्री करून घ्यावी.

ओळखपत्र मूळ स्वरूपात बरोबर ठेवावे. जेथे मद्य मिळते तेथे २१ वर्षे पूर्ण असल्याचा पुरावा दारातच मागतात, आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांकडे पासपोर्टचे छायाचित्र असले तरी ते सहसा चालत नाही. थोडे सुटे डॉलरही जवळ असावेत, कारण कोट सांभाळणाऱ्याला आणि हातगाडीवाल्याला रोखच द्यावी लागते.

जेवण : काय मागवावे आणि कसे विचारावे

लॅटिन अमेरिकेच्या जेवणाला अनोळखी समजून बिचकण्याचे काहीच कारण नाही. आपल्या ताटातली मिरची, बटाटा, शेंगदाणा, मका, पेरू, पपई, चिकू, सीताफळ ही सगळी त्याच भूभागातून आपल्याकडे आली आहेत. उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून बनतो, तो कसावा तिथे ‘युका’ या नावाने रोजच्या जेवणात असतो. प्वेर्तो रिकोच्या सणासुदीच्या भातात घालतात ते ‘गांदुलेस’ म्हणजे चक्क आपली तूर. फरक एवढाच की त्यांचे दाणे बहुधा हिरवे, कोवळे असतात आणि त्यांची डाळ करत नाहीत. तेथले ‘सोफ्रितो’ हे कांदा, लसूण, ढोबळी मिरची आणि कोथिंबिरीच्या वासाची एक रुंद पात यांचे वाटण असते, आणि ते तेलात परतले जाऊ लागले की स्वयंपाकघरातून येणारा वास आपल्याला घरचाच वाटतो.

एक गोष्ट मात्र मनाशी आधीच ठरवून जावे. कॅरिबियन स्वयंपाक, म्हणजे प्वेर्तो रिको, क्युबा आणि डोमिनिकन प्रजासत्ताक यांचा, तिखट नसतो. त्याची मजा लसूण, लिंबू आणि मंद आचेवर मुरलेल्या घेवड्याच्या रसात असते. तिखटाची आवड असेल तर कोलंबियन टेबलावरचे ‘आही’ हे मिरचीचे तोंडीलावणे किंवा पेरूच्या रेस्टॉरंटमधली हिरवी ‘आही’ चटणी मागून घ्यावी. ही दुसरी भाकरीबरोबरही छान लागते.

नाचाच्या आधीच्या जेवणासाठी मी कोलंबियन बेकरीपासून सुरुवात करते. ‘पांदेबोनो’ हा चीज आणि कसाव्याच्या पिठाचा छोटा गोल पाव भट्टीतून निघाल्यावर पाच-दहा मिनिटांतच खायचा असतो. तो मोडला की आत तार सुटते आणि चावताना साबुदाण्याच्या थालीपिठासारखा किंचित चिवटपणा जाणवतो. गार झाल्यावर ती मजा उरत नाही, म्हणून ताजा घाणा कधी निघणार हे विचारून थांबावे. त्यानंतर ‘आरेपा दे चोक्लो’ घ्यावी. कोवळ्या मक्याचे जाडसर पीठ तव्यावर पसरतात, एक बाजू सोनेरी झाली की उलथतात, वर लोणी फिरवतात आणि ताज्या पांढऱ्या चीजचा जाड काप ठेवून ती दुमडून हातात देतात. मक्याचा गोडवा आणि चीजचा खारटपणा एकाच घासात येतो. एक आरेपा, एक पांदेबोनो आणि फळांचा रस एवढ्यावर तीन तास व्यवस्थित नाचता येते.

बसून जेवायचे असेल तर इक्वेडोरचे ‘यापिंगाचो’ मागवावेत. बटाट्याच्या या चीज भरलेल्या टिक्क्या शेंगदाण्याच्या पातळ सॉसबरोबर वाढतात. पेरूची ‘पापा आ ला वांकाइना’ म्हणजे उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर पिवळ्या मिरचीचा आणि चीजचा गार सॉस. वर बहुधा उकडलेले अंडे असते, ते नको असल्यास आधी सांगावे. एल साल्वादोर या देशाच्या रेस्टॉरंटमध्ये चीज आणि ‘लोरोको’ या फुलांच्या कळ्या भरलेली ‘पुपुसा’ ही जाड भाकरी मिळते. पिकलेल्या केळ्यांचे तळलेले गोड काप म्हणजे ‘मादुरोस’, तर कच्च्या केळ्यांचे दोनदा तळून चेपलेले खारट काप म्हणजे ‘तोस्तोनेस’. दोन्ही जवळपास सर्वत्र मिळतात. ‘मोफोंगो’ मात्र नाचानंतरसाठी राखून ठेवावा. तळलेले कच्चे केळे लाकडी खलबत्त्यात भरपूर लसूण घालून कुटलेला हा गोळा पोटात दगडासारखा बसतो, आणि त्या लसणाचा वास पुढचे चार तास आपल्या जोडीदारांपर्यंत पोहोचत राहतो.

शाकाहारी मंडळींसाठी येथे थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण माझ्या हातून एकदा चूक झाली होती. आई भारतातून आली असताना तिला मी एका छोट्या भोजनगृहात नेले आणि ‘कार्ने नको’ एवढेच सांगून भात आणि घेवडा मागवला. आई अर्धी वाटी जेवली आणि तळाशी डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे निघाले. वाढणाऱ्या बाईंनी लबाडी मुळीच केली नव्हती. बोलीत ‘कार्ने’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यासमोर गोमांस किंवा मांसाचा मोठा तुकडा येतो. चवीपुरता घातलेला हॅम त्यात कोणी धरत नाही. आई एक शब्दही बोलली नाही, तिने वाटी बाजूला सारली आणि पाणी प्यायली. ते दृश्य माझ्या मनातून गेलेले नाही, आणि त्यानंतर मी प्रत्येक पदार्थ नाव घेऊन विचारते.

विचारायचे ते असे. ‘सोय वेखेतारियाना’ म्हणजे मी शाकाहारी आहे. पुरुषाने ‘वेखेतारियानो’ म्हणावे. पुढे लगेच ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन हामोन, सिन पेस्कादो’ असे म्हणावे, म्हणजे मांस, कोंबडी, हॅम आणि मासे यांपैकी काहीही नको. त्यानंतर दोन प्रश्न विचारावेत. घेवड्याबद्दल ‘तिएने मान्तेका?’ असा प्रश्न विचारावा, कारण ‘मान्तेका’ म्हणजे डुकराची चरबी आणि मेक्सिकन वाटलेल्या घेवड्यात तसेच ‘तामाले’ या मक्याच्या वाफवलेल्या पदार्थाच्या पिठात ती पुष्कळदा असते. भाताबद्दल ‘एस कोन काल्दो दे पोयो?’ असे विचारावे, कारण पिवळा किंवा केशरी भात कोंबडीच्या रश्श्यात शिजवण्याची पद्धत आहे. साधा पांढरा भात त्या मानाने निर्धोक असतो. गांदुलेसचा भात तुरीचा असला तरी त्यात बहुधा हॅम असतो, आणि मोफोंगोत ‘चिचारोन’ म्हणजे डुकराची कुरकुरीत कातडी कुटतात. ती वगळून करून द्याल का, असे विचारले तर बरेच जण आनंदाने करून देतात. जैन किंवा कडक शाकाहारी व्यक्तीने एवढे ध्यानात ठेवावे की तवा आणि तळण्याचे तेल बहुतेक ठिकाणी सामाईक असते.

बिलात ८.८७५ टक्के विक्रीकर लागतो, आणि वाढप्याला कराआधीच्या रकमेवर १८ ते २० टक्के टिप देण्याची रीत आहे. मोठा गट असेल तर ती रक्कम कधी कधी बिलातच धरलेली असते, तेव्हा ते पाहून घ्यावे. उठताना शेजारच्या टेबलावर कोणी जेवत असेल तर ‘बुएन प्रोवेचो’ म्हणावे. अनोळखी माणसालाही सावकाश जेवा असे म्हणण्याची ही रीत मला फार आवडते.

प्रवासात थोडा इतिहास

रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यू स्थानकावरून ‘ई’ गाडीने मॅनहॅटनमधले त्रेपन्नाव्या रस्त्यावरचे सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यू स्थानक साधारण वीस-पंचवीस मिनिटांत येते. तेथून बाहेर पडून पश्चिमेला चालले की पुढच्याच कोपऱ्यावर ब्रॉडवे लागतो. याच परिसरात पॅलेडियम बॉलरूम होता. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून १९६६ मध्ये तो बंद होईपर्यंत माचितो, तितो पुएंते आणि तितो रोद्रिगेस यांचे वाद्यवृंद तेथे वाजत, आणि प्वेर्तो रिकन, कृष्णवर्णीय, ज्यू, इटालियन अशी सर्व प्रकारची माणसे एकाच जमिनीवर मांबो हा क्युबन तालावरचा नाच नाचत. १९५० च्या दशकात हे शहरात इतरत्र सहज घडणारे नव्हते. तेथे बुधवारी आधी मांबोची शिकवणी आणि मग नाच असा परिपाठ असे. आज सोशलच्या आधी जो वर्ग घेतला जातो, तो त्याच परंपरेतला आहे.

साल्सा या शब्दाचा मूळ अर्थ सॉस किंवा चटणी. क्युबाचा ‘सोन’, मांबो, ग्वाराचा अशा अनेक प्रकारांतून न्यूयॉर्कच्या प्वेर्तो रिकन वस्त्यांत १९६० आणि १९७० च्या दशकांत जे संगीत तयार झाले, त्याला हे नाव चिकटले. क्युबातील १९५९ च्या क्रांतीनंतर आणि अमेरिकेच्या निर्बंधांनंतर हवानाशी असलेली ये-जा तुटली आणि या शहरातल्या वादकांनी ती परंपरा आपल्या पद्धतीने पुढे नेली. जॉनी पाचेको आणि जेरी मासुची यांनी १९६४ मध्ये फानिया ही ध्वनिमुद्रण कंपनी काढली; विली कोलोन, एक्तोर लावो, रुबेन ब्लादेस आणि हवानाहून आलेल्या सेलिया क्रूस यांचे गाणे या कंपनीमुळे जगभर पोहोचले. २६ ऑगस्ट १९७१ रोजी चीता या क्लबात झालेली फानिया ऑल स्टार्सची मैफल त्या काळाची खूण मानली जाते. जाण्याआधीच्या आठवड्यात या मंडळींचे संगीत रोज अर्धा तास ऐकावे. कान तयार असेल तर पायाला निम्मेच काम उरते.

कान तयार करणे

साल्सात आठ मात्रांचा एक फेरा धरून मोजतात. त्याच्या पोटात ‘क्लावे’ नावाचा पाच ठोक्यांचा आकृतिबंध फिरत असतो. तो कधी दोन लाकडी दांड्यांवर ऐकू येतो, तर कधी कोणीच वाजवत नसतानाही सगळे वादक त्याला धरून असतात, जसा ठेका थांबला तरी गवयाच्या मनात ताल चालू राहतो. घरी ओट्यापाशी उभे राहून एक ते आठ सावकाश मोजावे आणि एक, दोन-नंतरचा अर्धा, चार, सहा, सात या जागांवर टाळ्या द्याव्यात. पहिल्या अर्ध्यात तीन आणि दुसऱ्या अर्ध्यात दोन टाळ्या येतात. टाळी आणि खाली यांची सवय असलेल्या आपल्या कानाला हे लवकर जमते.

गाण्याची रचनाही ओळखीची आहे. सुरुवातीला गायक कथा सांगतो, मग एका वळणावर कोरस एकच ओळ धरून बसतो आणि मुख्य गायक तिच्या अधूनमधून आयत्या वेळी सुचलेल्या ओळी टाकतो. पोवाड्यात शाहीर आणि झीलकरी यांचे जे चालते, तेच हे. त्या वळणावर पितळी वाद्ये चढतात आणि नर्तकही खुलतात, म्हणून पहिल्या भागातच सगळी शक्ती खर्च करू नये.

मला हे उमगले ते एका सोशलमध्ये, भिंतीजवळच्या खुर्चीवर बसलेली असताना. शेजारच्या साठीच्या प्वेर्तो रिकन बाईंनी माझा हात घेतला, स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला आणि वरून बोटांनी कोंगा या हाताने वाजवायच्या उंच ढोलाचा ठेका वाजवून दाखवला. दोनवर एक कोरडी, चटका बसल्यासारखी थाप, आणि चारला दोन मोकळे, घुमणारे ठोके. मग पुन्हा सहाला कोरडी थाप आणि आठला घुमणारे दोन. चार-पाच फेऱ्यांनंतर त्यांनी हात काढून घेतला आणि समोरच्या नर्तकांच्या पायांकडे बोट दाखवले. त्या रात्री मला पहिल्यांदा सगळ्या गोंगाटातून कोंगा वेगळा ऐकू आला.

पाऊल

एका फेऱ्यात सहा पावले पडतात. चार आणि आठ या मात्रांना पाऊल नसते. पुढाकार घेणाऱ्याने एकला डावा पाय पुढे टाकावा, दोनला उजव्या पायावर जागच्या जागी भार आणावा, तीनला डावा पाय परत जवळ घ्यावा. पाचला उजवा पाय मागे, सहाला डाव्यावर भार, सातला उजवा परत जवळ. साथ देणाऱ्याने याच्या उलट, म्हणजे एकला उजवा पाय मागे टाकून सुरुवात करावी. चार आणि आठला गोठून उभे राहू नये. त्या वेळात शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर सरकत असतो, आणि कमरेची जी हालचाल दिसते ती याच भार बदलण्यातून गुडघ्यांमार्फत येते. कंबर वेगळी हलवायला जाऊ नये.

याला ‘ऑन वन’ म्हणतात. न्यूयॉर्कची खासियत ‘ऑन टू’ ही आहे; तिच्यात दिशा बदलणारे पाऊल दोन आणि सहावर, म्हणजे कोंगाच्या त्या कोरड्या थापेवर पडते. एडी टोरेस या नृत्यशिक्षकांनी ही पद्धत घडवून शिकवली आणि ती शहरभर रुजली. पुण्या-मुंबईत ऑन वन शिकून आलेल्या माणसाला येथे पहिल्या गाण्यात अडखळल्यासारखे होते, तेव्हा जोडीदाराला ‘ऑन वन की ऑन टू?’ असे नाच सुरू होण्याआधीच विचारावे. हा प्रश्न येथे अगदी सर्रास विचारला जातो. अगदी नवख्याने मात्र एकावरच पक्के व्हावे.

आपल्याकडच्या मंडळींना दोन गोष्टी जड जातात, असे मी पाहिले आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत नाचून अंगाला उसळी मारायची सवय लागलेली असते. साल्सात डोके एका पातळीत राहते आणि सगळे काम जमिनीजवळ होते. शिवाय आपण पावले फार मोठी टाकतो. पाऊल स्वतःच्या पावलाच्या लांबीएवढेच असावे, कारण गाणी वेगवान असतात आणि मोठे पाऊल टाकले की पुढची मात्रा निसटते. लेझीम खेळलेल्यांना मात्र आकडे मोजत हात-पाय एकत्र चालवण्याचा सराव असल्यामुळे त्यांची प्रगती झपाट्याने होते.

रात्रभर केवळ साल्साच वाजत नाही. डोमिनिकन ‘मेरेंगे’ सुरू झाला तर निःसंकोच उठावे, कारण त्यात प्रत्येक मात्रेला एक पाऊल एवढाच नियम आहे. त्यातला ‘तांबोरा’ हा आडवा ढोल एका बाजूने काठीने आणि दुसऱ्या बाजूने हाताने वाजवतात, आपल्या ढोलावर टिपरू आणि थाप पडते तसा. गिटारचा नाजूक आवाज आणि चौथ्या मात्रेला अडणारे पाऊल म्हणजे ‘बाचाता’. ती पुष्कळदा अधिक जवळून नाचली जाते; ते नको असेल तर ‘मी फक्त साल्सा नाचते’ असे सांगणे पूर्णपणे स्वीकारार्ह आहे.

कपडे, बूट आणि अंगावरचे दागिने

रबरी तळव्याचे खेळाचे बूट घालू नयेत. पाय जमिनीला चिकटतो, शरीर वळते आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. गुळगुळीत चामडी तळव्याचे साधे बूट उत्तम. नाचाचे खास बूट असतील तर त्यांचा मऊ सुएडचा तळवा रस्त्यावर खराब होतो, म्हणून ते पिशवीत न्यावेत आणि आत गेल्यावर बदलावेत. स्त्रियांनी टाच घोट्याला पट्टा असलेलीच घ्यावी. लांब मंगळसूत्र, लोंबते डूल, बांगड्या आणि टोकदार अंगठ्या घरी ठेवाव्यात. गिरकी घेताना मंगळसूत्र जोडीदाराच्या मनगटात अडकून तुटल्याचे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ओढणीचेही तेच. पुरुषांनी एक जास्तीचा शर्ट आणि छोटा रुमाल ठेवावा. तासाभरात अंग भिजते, आणि कोरडा शर्ट घालणे हा जोडीदाराचा मान राखणे आहे.

नाचाच्या जागी वागणे

येथे अनोळखी व्यक्तीला नाचासाठी विचारणे ही सर्वमान्य गोष्ट आहे, आणि स्त्रियांनीही विचारावे. समोर जावे, नजरेस नजर द्यावी, हात पुढे करून ‘बाइलामोस?’ म्हणावे. आपण नवे आहोत हे सुरुवातीलाच सांगावे; चांगला नर्तक त्याप्रमाणे सोपे नाचतो. गाणे चार-पाच मिनिटांचे असते. एक किंवा दोन गाणी झाली की ‘ग्रासियास’ म्हणून जोडीदाराला त्याच्या जागेपर्यंत सोडावे आणि दुसऱ्या कोणाला तरी विचारावे. नकार आला तर कारण विचारू नये. थकवा, दुखणारा पाय, न आवडणारे गाणे यांपैकी काहीही असू शकते.

हात घट्ट धरू नये. बोटे सैल आकड्यासारखी ठेवावीत आणि अंगठ्याने दाबू नये, म्हणजे गिरकीत मनगट मुरगळत नाही. पुढाकार घेणाऱ्याचा उजवा हात साथीदाराच्या डाव्या खांद्याच्या पाठीमागच्या हाडावर असतो. त्याहून खाली त्याचे काम नाही. कोणाचा हात सरकला, कोणी मर्यादेपेक्षा जवळ ओढले, तर गाणे अर्धवट असतानाही धन्यवाद म्हणून बाजूला व्हावे आणि आयोजकाला सांगावे. यात संकोच करण्यासारखे काहीही नाही, आणि चांगले आयोजक अशा तक्रारीची लगेच दखल घेतात.

नाचता नाचता जोडीदाराला शिकवू नये. पेला घेऊन नाचाच्या जागेत शिरू नये. धक्का लागला तर चूक कोणाचीही असो, थांबून माफी मागावी. अनोळखी जोडीदाराला मागे झुकवण्यासारखे प्रकार करू नयेत. पाठीला इजा होते.

परत जाताना

भुयारी रेल्वे रात्रभर चालते, मात्र मध्यरात्रीनंतर गाड्यांमधले अंतर वाढते आणि शनिवार-रविवारी दुरुस्तीमुळे मार्ग बदलतात. जर्सी सिटी आणि होबोकेनला जाणारी पाथ रेल्वेही रात्रभर असते. एडिसन किंवा त्यापुढे जाणाऱ्यांची न्यू जर्सी ट्रान्झिट मात्र रात्रभर नसते, म्हणून शेवटच्या गाडीची वेळ संध्याकाळीच लिहून ठेवावी आणि त्याआधी किमान पाऊण तास नाच थांबवावा. घामेजलेल्या अंगाने थंडीत बाहेर पडू नये. शर्ट बदलावा, बूट बदलावेत, पाणी प्यावे.

क्वीन्सकडे परतणाऱ्यांना रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवर रात्री दीड वाजताही मेक्सिकन गाड्यांचे दिवे लागलेले दिसतात. ‘फ्लोर दे कालाबासा’ घातलेला केसादिया मागावा. कालाबासा म्हणजे भोपळा, आणि ज्या फुलांची आपण भजी करतो, त्याच जातीची ही फुले चीजबरोबर मक्याच्या रोटीत दुमडून तव्यावर शेकतात. तवा मांसाबरोबर सामाईक आहे का, हे विचारायला येथेही विसरू नये. बाजूला दोन वाट्यांत हिरवा आणि लाल साल्सा ठेवलेला असतो. दोन्ही तिखट असू शकतात. आधी थेंबभर चाखून पाहावा आणि मगच वर ओतावा.